दंडपेशी: अंधारात अरेस्टिन अंतःखंडात, मग पहिल्या फोटॉनने जागं झालेलं रोडॉप्सिन थांबवतं कोण?

मृणाल_जैवरसायन

दंडपेशीतली, म्हणजे दृष्टिपटलातल्या मंद उजेडात पाहणाऱ्या पेशीतली, संकेतांची साखळी पुस्तकात असते तशी समजली आहे. प्रकाशाने रोडॉप्सिन (प्रकाश टिपणारं प्रथिन) सक्रिय होतं, ते ट्रान्सड्युसिन या निरोप पुढे नेणाऱ्या प्रथिनावर जीटीपी चढवतं, ट्रान्सड्युसिनचा अल्फा भाग फॉस्फोडायएस्टरेज या विकरावरचं गॅमा हे दडपण दूर करतो, वाहिन्या उघड्या ठेवणारं सायक्लिक जीएमपी तुटतं, वाहिन्या मिटतात आणि पेशी उणे ४० मिलिव्होल्टवरून उणे ७० कडे सरकते. शेवटी रोडॉप्सिन कायनेज हे विकर रोडॉप्सिनवर फॉस्फेट लावतं आणि त्यावर रोडॉप्सिन बंद करणारं अरेस्टिन येऊन बसतं.

पण प्रथिनांच्या जागेबद्दल वाचायला घेतलं की गोंधळ होतो. अंधारात बहुतेक अरेस्टिन अंतःखंडात (पेशीच्या मागच्या भागात) असतं आणि उजेडात बाह्यखंडात (रोडॉप्सिनच्या चकत्यांनी भरलेल्या टोकाकडच्या भागात) येतं, म्हणतात. ट्रान्सड्युसिनचं बरोबर उलटं. मग अंधारात एकच फोटॉन पडला तर ते रोडॉप्सिन बंद करायला अरेस्टिन वेळेवर पोचतं कसं?

दुसरं, ही ने-आण करतं कोण? सूक्ष्मनलिकांवरून चालणारी मोटर-प्रथिनं, की नुसतं विसरण? आणि परीक्षानळीत उजेड दाखवला की ट्रान्सड्युसिन चकत्यांना *जास्त* घट्ट चिकटतं, मग जिवंत पेशीत ते सोडून कसं जातं?

तिसरं, माणसाच्या डोळ्याला अंधार सरावायला ३०-४० मिनिटं लागतात. ती ट्रान्सड्युसिन परत येण्याची वेळ आहे का?

उंदराच्या दृष्टिपटलावर हे मोजायचा विचार आहे. प्रतिपिंडाने रंगवलेल्या छेदांत बाह्यखंडांच्या नुसत्या कडा उजळतात, मधला भाग काळा. हे खरं वितरण मानायचं का?

---

संकेतवहन

आधी आकडे बघू, कारण पहिला प्रश्न आकड्यांतच सुटतो.

उंदराच्या एका दंडपेशीत रोडॉप्सिनचे सुमारे ७ कोटी रेणू असतात. ट्रान्सड्युसिन त्याच्या दहाव्या हिश्शाइतकं, म्हणजे ७० लाख. फॉस्फोडायएस्टरेज फक्त २ ते ३ लाख. अरेस्टिन मात्र रोडॉप्सिनच्या जवळपास ८० टक्के, म्हणजे साडेपाच कोटींच्या घरात. अंधारात त्यातलं ७ टक्क्यांहून कमी बाह्यखंडात असतं हे खरंच आहे, पण साडेपाच कोटींतले पाच-सात टक्के म्हणजेसुद्धा ३० ते ४० लाख रेणू झाले. चांदण्यात एका दंडपेशीला मिळून मिळून किती फोटॉन मिळणार? तेवढ्यांसाठी हा साठा कितीतरी जास्त आहे. अंतःखंडातून कोणी धावत येण्याची गरजच पडत नाही.

त्यामुळे "बंद करणं" आणि "जागा बदलणं" या दोन प्रक्रिया मनात वेगळ्याच ठेवा. पहिली मिलिसेकंदांची आहे. कायनेज रोडॉप्सिनच्या शेपटीवरच्या सेरीन-थ्रिओनीनवर फॉस्फेट लावतं, तीनेक लागले की अरेस्टिन घट्ट बसतं. उंदरात सक्रिय रोडॉप्सिनचं आयुष्य १०० मिलिसेकंदांच्या आतच संपतं. प्रतिसाद ओसरायला जो जास्त वेळ लागतो, तो ट्रान्सड्युसिनवरचा जीटीपी तुटण्याचा. ते काम आरजीएस९, बीटा५ आणि आर९एपी या प्रथिनांचं त्रिकूट करतं आणि त्याचा कालस्थिरांक २०० मिलिसेकंदांच्या आसपास आहे.

दुसरी प्रक्रिया मिनिटांची आणि तासांची. दिवसाच्या उजेडात विरंजित (प्रकाशाने वापरून झालेल्या) रोडॉप्सिनचे रेणू लाखांनी, मग कोटींनी साठत जातात. तिथे ४० लाख अरेस्टिन अपुरं पडतं आणि अंतःखंडातला साठा कामाला येतो.

आता ट्रान्सड्युसिन. अल्फाच्या सुरुवातीच्या टोकाला एक मेदाम्ल जोडलेलं असतं आणि ट्रान्सड्युसिनच्याच बीटा-गॅमा भागातल्या गॅमाच्या (फॉस्फोडायएस्टरेजवरचा गॅमा वेगळा) शेपटीला फार्नेसिल हा मेदगट. तिघं एकत्र असतात तेव्हा हे दोन्ही मेदगट मिळून रेणूला चकतीच्या पटलावर धरून ठेवतात, दोन दोरांनी काठाला बांधलेल्या होडीसारखे. जीटीपी चढलं की अल्फा सुटा होतो, बीटा-गॅमा सुटे होतात आणि प्रत्येकाकडे एकच दोर उरतो. एकट्या मेदगटाची पकड कच्ची असते, रेणू पटलावरून पेशीद्रवात उतरतो आणि विसरणाने पसरतो. अंतःखंडात पेशीद्रवाला जागा भरपूर, म्हणून बहुतेक माल शेवटी तिथे जातो. यात मोटर कुठेच लागत नाही.

मग मंद उजेडात ट्रान्सड्युसिन का हलत नाही? सगळ्या विषयातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग हाच. मंद उजेडात थोडेच अल्फा सक्रिय होतात. त्यांना लगेच फॉस्फोडायएस्टरेजचा गॅमा मिळतो, ते तिथेच पटलाजवळ अडकतात, आरजीएस९ जीटीपी तोडतं आणि अल्फा पुन्हा बीटा-गॅमाला जाऊन मिळतो. उजेड वाढवत नेला की अल्फा-जीटीपीची संख्या लाखांत जाते. फॉस्फोडायएस्टरेज आहेत २-३ लाख, प्रत्येकावर दोन गॅमा, म्हणजे जागा ४ ते ६ लाख. ७० लाखांतले बाकीचे कुठे जाणार? त्यांना ना बसायला जागा, ना जीटीपी तोडणारं कोणी. ते बराच काळ जीटीपीसकट मोकळे राहतात आणि निसटतात. म्हणून स्थलांतराला उंबरठा आहे: त्याच्या खाली जवळजवळ शून्य, वर गेलं की एकदम प्रचंड. आरजीएस९ चं त्रिकूट जास्त असलेल्या उंदरांत हा उंबरठा जास्त उजेडाकडे सरकतो, ते नसलेल्या उंदरांत कमी उजेडाकडे. याहून थेट पुरावा मला माहीत नाही.

वेळा सांगायच्या तर उंदीर-घुशीच्या प्रयोगांत प्रखर उजेडात निम्मा अल्फा ५ मिनिटांत बाहेर पडतो, निम्मा बीटा-गॅमा १२ मिनिटांच्या आसपास. वेग वेगळे आहेत यातच ते सुटे होऊन जातात हे दिसतं. बीटा-गॅमाला फॉस्ड्युसिन नावाचं प्रथिन धरून द्रावणात ठेवतं, ते काढून टाकलेल्या उंदरांत स्थलांतर कमी होतं. परतीचा प्रवास मात्र कित्येक तासांचा. त्यात यूएनसी११९ हे प्रथिन अल्फाचा मेदगट आपल्या पोटात झाकून घेतं आणि त्याला बाह्यखंडाकडे परत जाऊ देतं.

परीक्षानळीतलं कोडं जीटीपीचं आहे. धुतलेल्या बाह्यखंडांत जीटीपी उरलेलं नसतं. उजेडाने सक्रिय झालेलं रोडॉप्सिन ट्रान्सड्युसिनला धरतं, त्यातला जीडीपी निघून जातो, पण रिकाम्या जागी बसायला जीटीपीच नाही. ती जोडी तशीच अडकून राहते. त्याच नळीत जीटीपी घाला, ट्रान्सड्युसिन लगेच द्रावणात येतं. ट्रान्सड्युसिन शुद्ध करण्याची नेहमीची पद्धत याच गोष्टीवर उभी आहे. जिवंत पेशीत जीटीपीची वानवा नसते.

---

सूक्ष्मछेद

वरचं ट्रान्सड्युसिनचं विवेचन पटलं. अरेस्टिनबद्दल मात्र एक भर घालायला हवी, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की विरंजित रोडॉप्सिन वाढलं तेवढंच अरेस्टिन त्याला चिकटायला आलं. तसं घडत नाही. अरेस्टिनलाही उंबरठा आहे आणि तो ओलांडताच बाह्यखंडात येणारं अरेस्टिन त्या क्षणी विरंजित असलेल्या रोडॉप्सिनच्या सुमारे ३० पट भरतं. एकास एक बंधनाने हा हिशेब जुळत नाही. कुठला तरी संकेत साठ्याचं दार उघडतो. फॉस्फोलायपेज सी आणि प्रोटीन कायनेज सी या विकरांचे उत्तेजक दिले की अंधारातही अरेस्टिन सरकतं, हा एक धागा. अंधारात ते अंतःखंडात सूक्ष्मनलिकांना सैलसं बांधलेलं असतं, हा दुसरा. या हालचालीला एटीपी (पेशीची ऊर्जा पुरवणारा रेणू) लागतं का, यावर दोन गटांचे निकाल एकमेकांविरुद्ध आहेत. त्यामुळे "अरेस्टिन निव्वळ विसरणाने जातं" असं छातीठोक लिहू नये.

आता मोजण्याबद्दल. कडा उजळणं हे वितरण नाही. बाह्यखंडात चकत्या इतक्या दाटीने रचलेल्या असतात की प्रतिपिंड आत शिरतच नाही, कडेलाच अडकतं. शिवाय अरेस्टिन रोडॉप्सिनला चिकटलं की प्रतिपिंडाची जागाच झाकली जाऊ शकते, आणि मग जिथे प्रथिन सर्वांत जास्त तिथेच चमक सर्वांत कमी. रंगवलेल्या छेदावरून "हललं की नाही" एवढं ठरवता येतं. "किती टक्के" हे ठरवायला ती चमक वापरू नका.

टक्के हवे असतील तर दृष्टिपटल सपाट करून गोठवायचं, पृष्ठभागाला समांतर ५ मायक्रोमीटरचे छेद ओळीने घ्यायचे आणि प्रत्येक छेदाचा वेगळा वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं जेलवर वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखण्याची चाचणी) करायचा. उंदराचा बाह्यखंड २४ मायक्रोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे तो पाचेक छेदांत संपला पाहिजे. त्याच ब्लॉटवर रोडॉप्सिन ही बाह्यखंडाची खूण आणि सायटोक्रोम ऑक्सिडेज ही अंतःखंडाची, कारण मायटोकॉन्ड्रिया बाह्यखंडात नसतातच.

बिघडतं ते सपाटपणात. दृष्टिपटल वाटीसारखं असतं, त्याला कडेने चिरा देऊन दोन काचांमध्ये हलकेच दाबावं लागतं. जरा तिरकं बसलं तरी एकाच छेदात दोन्ही खंड येतात. ओळखायचं असं: रोडॉप्सिन पहिल्या पाच-सहा छेदांनंतर झपाट्याने संपलं पाहिजे आणि ऑक्सिडेज तिथेच सुरू झालं पाहिजे. रोडॉप्सिन दहाव्या-बाराव्या छेदापर्यंत रेंगाळत असेल तर तो नमुना टाकून द्या. गणिताने दुरुस्त करत बसू नका, त्यातून आलेल्या टक्क्यांवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

एक छोटी पण नेहमी नडणारी गोष्ट: रोडॉप्सिनचे नमुने एसडीएस या डिटर्जंटमध्ये *उकळू नका*. उकळलं की रोडॉप्सिनच्या गुठळ्या होतात आणि पट्टी जेलच्या विहिरीच्या तोंडाशीच अडकते. खोलीच्या तापमानालाच विरघळू द्या.

बाह्यखंड हलवून तोडून, घनतेच्या स्तंभावर वेगळे करून मोजण्याचा मोह होईल. ट्रान्सड्युसिन अंधारात पटलाला घट्ट असल्याने त्याच्यासाठी ते एक वेळ चालेल. अरेस्टिन द्राव्य आहे, तुटलेल्या बाह्यखंडातून ते धुऊन जातं आणि आकडा खोटाच कमी येतो.

अंधाराची तयारी रात्रभर, किमान १२ तास. डोळा काढण्यापासून स्थिरीकरणापर्यंतचं सगळं अवरक्त दुर्बिणीतून. लाल दिवाच वापरायचा तर ६५० नॅनोमीटरच्या पुढचा आणि अगदी मंद. "दोन मिनिटं लाल दिव्यात काय होणार" असं म्हणूनच बरेच अंधाराचे नमुने अर्धे-उजेडाचे होतात. ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड आत पोचायला वेळ घेतं, म्हणून बुबुळापुढच्या पारदर्शक पटलाला चीर द्या आणि पहिला तासभर डबा अंधारातच ठेवा.

उंदरांचा वाण तपासल्याशिवाय सुरुवात करू नका. सी३एच आणि एफव्हीबी वाणांत पीडीई६बी जनुकातला आरडी१ दोष असतो, त्यांच्या दंडपेशी तीन-चार आठवड्यांतच मरतात. सी५७बीएल/६एन मध्ये आरडी८ हा दृष्टिपटलाचा दुसरा दोष असतो. आरपीई६५ या, वापरलेलं रेटिनल पुन्हा तयार करणाऱ्या विकराच्या, ४५० व्या स्थानी ल्युसीन आहे की मेथिओनीन हेही बघा: सी५७बीएल/६ मध्ये मेथिओनीन आहे, त्यामुळे त्यांचं रोडॉप्सिन सावकाश भरून येतं. दोन वाणांचे परतीचे वेळ शेजारी ठेवून निष्कर्ष काढायचा तर हा फरक मध्ये येतो.

---

नेत्र_निदान

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. ३०-४० मिनिटं ही ट्रान्सड्युसिनची वेळ नाही, ११-सिस-रेटिनलची, म्हणजे रोडॉप्सिनमधल्या प्रकाश शोषणाऱ्या रेणूची आहे.

प्रखर उजेडानंतर माणसाचा अंधार-अनुकूलन आलेख दोन पायऱ्यांचा दिसतो. पहिली शंकुपेशींची (भर उजेडात पाहणाऱ्या पेशींची), ती काही मिनिटांत सपाट होते. दहाव्या मिनिटाच्या आसपास आलेख मोडतो आणि दंडपेशींची पायरी सुरू होते. तिथून उंबरठा मिनिटाला साधारण ०.२४ लॉग एककाने उतरत जातो. हा उतार ठरतो दृष्टिपटलामागच्या रंजकपेशीस्तराकडून ११-सिस-रेटिनल किती वेगाने येतं यावर. वापरलेलं रेटिनल दंडपेशीत रेटिनॉल होतं, रंजकपेशीस्तरात जातं, तिथे एलआरएटी हे विकर त्याचं एस्टर करतं, आरपीई६५ त्याला ११-सिस रूपात वळवतं आणि आरडीएच५ पुन्हा रेटिनल बनवतं. रेटिनल नसलेलं रिकामं ऑप्सिनही साखळीला क्षीणपणे चालू ठेवतं, त्यामुळे ते भरून निघेपर्यंत पेशीला "अजून थोडा उजेड आहे" असंच वाटत राहतं. जीवनसत्त्व अ कमी पडलं की रातांधळेपणा येतो तो या चक्राला कच्चा माल न मिळाल्यामुळे.

अरेस्टिन किंवा कायनेज नसेल तर काय होतं, याचं माणसातलं उदाहरण म्हणजे ओगुची आजार. चुता ओगुची यांनी जपानमध्ये १९०७ साली त्याचं वर्णन केलं. अरेस्टिनचं एसएजी किंवा कायनेजचं जीआरके१ या जनुकांत दोष असतो. रुग्णाला रात्री दिसत नाही, पण कित्येक तास पूर्ण अंधारात बसवलं तर दंडपेशींची संवेदनशीलता जवळजवळ सामान्य पातळीवर येते. मग एक प्रखर झोत दिला की ती पुन्हा तासन्‌तास जाते. दृष्टिपटलावर सोनेरी-राखाडी झाक दिसते आणि दीर्घ अंधारानंतर ती नाहीशी होते. यालाच मिझुओ-नाकामुरा घटना म्हणतात.

तपासणीत इथेच चूक होते. नेहमीच्या विद्युत-दृष्टिपटलालेखनाआधी २०-३० मिनिटं अंधार दिला जातो. ओगुचीला तेवढा पुरत नाही, आलेख इतर स्थिर रातांधळेपणासारखा सपाट येतो आणि निदान चुकतं. शंका असेल तर दोन-तीन तास किंवा त्याहून जास्त अंधार द्या, आणि *पहिला* झोत नीट नोंदवा. दुसऱ्या झोताला प्रतिसाद कोसळलेला दिसेल. अनेक झोतांची सरासरी घेणारं यंत्र हा फरक पुसून टाकतं, म्हणून सरासरी बंद ठेवा.

---

मृणाल_जैवरसायन

खूप मदत झाली. दोन गोष्टी राहिल्या. उजेड किती द्यायचा? १५०० लक्सचा पांढरा एलईडी तासभर, असं योजलं होतं. आणि शंकुपेशींत हेच घडतं का? दिवसभर उजेडात काम त्यांनाच करायचं असतं.

---

सूक्ष्मछेद

लक्सवर थांबू नका. लक्स ही ५५५ नॅनोमीटरला शिखर असलेल्या शंकुपेशींच्या दृष्टीची मोजणी आहे, दंडपेशींचं शिखर ५०० च्या आसपास. पिवळसर दिव्याचे १५०० लक्स आणि निळसर एलईडीचे १५०० लक्स दंडपेशीला सारखे नसतात. त्यात जागा उंदीर कोपऱ्यात तोंड खुपसून बसतो आणि बाहुली आकसते. ट्रॉपिकामाइड आणि फिनाइलएफ्रिनने बाहुली मोठी करा आणि उजेड "एका दंडपेशीत सेकंदाला सक्रिय झालेली रोडॉप्सिनं" या एककात सांगा. उंबरठा हजारांच्या घरात आहे, तेव्हा त्याच्या खाली दोन आणि वर दोन तीव्रता घ्या. एकाच प्रखर तीव्रतेवर तासभर ठेवलं तर उंबरठा दिसणारच नाही, फक्त "सगळं हललं" एवढंच कळेल.

किती विरंजन झालं हे प्रत्यक्ष मोजा. दुसऱ्या डोळ्याचं दृष्टिपटल अंधारात डिटर्जंट आणि २० मिलिमोलर हायड्रॉक्सिलअमाइनमध्ये विरघळवून वर्णपट घ्या, मग पूर्ण विरंजित करून पुन्हा घ्या. ५०० नॅनोमीटरवरचा फरक ४०,५०० ने भागला की मोलर संहती मिळते. उंदराच्या एका डोळ्यात साधारण ५०० पिकोमोल रोडॉप्सिन निघतं. ते १ मिलिलिटरमध्ये घेतलं तर फरक ०.०२ इतकाच येईल आणि गोंगाटात बुडेल. २०० मायक्रोलिटरच्या छोट्या क्युव्हेटमध्ये तोच फरक ०.१ येतो.

वेळा: उजेडात ०, ५, १५, ३० आणि ६० मिनिटं. परतीला १, ३, ६ आणि १२ तास. अरेस्टिन ट्रान्सड्युसिनपेक्षा बरंच लवकर परततं, म्हणून परतीला पहिल्या तासात १५ आणि ३० मिनिटांचे दोन नमुने त्याच्यासाठी वाढवा.

---

संकेतवहन

शंकुपेशींचं: त्यांचं अरेस्टिन उजेडात बाह्यखंडाकडे सरकतं, पण ट्रान्सड्युसिन प्रखर उजेडातही बाह्यखंडातच राहतं. तुमच्या छेदांत याचा फायदा करून घ्या. शंकुपेशींच्या अल्फासाठी वेगळं प्रतिपिंड मिळतं. त्याच छेदावर तेही लावा. तो अल्फाही अंतःखंडात दिसला तर दोष स्थिरीकरणात किंवा छेदाच्या तिरकेपणात आहे, आणि दंडपेशींचा आकडाही त्या नमुन्यातून घेऊ नका.

स्थलांतराचा उपयोग काय, हा पुढचा प्रश्न येणारच, म्हणून लिहून ठेवतो. ९० टक्के ट्रान्सड्युसिन बाहेर गेलं की एका रोडॉप्सिनमागे सक्रिय होणारे रेणू घटतात, संकेताचं संवर्धन दहापटीपर्यंत घटतं. त्याशिवाय अल्फाच्या तिसऱ्या स्थानी अॅलानिनऐवजी सिस्टेईन घातलेले उंदीर आहेत. त्या सिस्टेईनवर आणखी एक मेदाम्ल चढतं, अल्फा पटल सोडत नाही, आणि उजेडात त्यांच्या दंडपेशींची हानी वाढते. नियंत्रण म्हणून हे उंदीर मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तरी जीएनएटी१ (अल्फाचं जनुक) आणि एसएजी नसलेल्या उंदरांचा एकेक छेद प्रत्येक ब्लॉटवर ठेवा, म्हणजे प्रतिपिंड भलत्याच पट्टीला धरत नाही ना ते कळेल.